धुऱ्यावरचं पिवळं

कॅमेऱ्याले झूम लेन्स घ्यावी का टेलिकन्व्हर्टर, हे विचारून राह्यला ना तू? मंग ऐक.

कापूस मातीमोल झालता तवाची गोष्ट. रानडुकरं पऱ्हाटीत घुसू नये म्हणून बायकोनं आमच्या राळेगावच्या वावराच्या धुऱ्याले, म्हणजे बांधाले, जुन्या साड्या बांधल्या होत्या. संध्याकाळी मी झूम घेऊन फोटो काढाले गेलतो. संगं माहा दोस्त सलीम, त्याच्या लेन्सीले नवाकोरा कन्व्हर्टर लावलेला.

"यार, धुऱ्यावर वाघ आहे," तो कुजबुजला.

मी झूम पूर्ण ताणली. "साडी आहे बे. पिवळी, काळ्या पट्ट्याची. घरची ओळखतो मी."

"मले तुह्यापेक्षा डबल मोठं दिसून राह्यलं."

"डबल, पण अंधुक. उजेड खाते तुहा कन्व्हर्टर."

"अन् तुही झूम तिथवर पोचतच नाही. हलून राह्यला तो."

"हवेनं."

"हवा कुठी आहे?"

मी बायकोले फोन लावला. "धुऱ्याले ती पिवळी पट्ट्याची साडी बांधली काय तू?"

"कायले बांधू? घरी तीच नेसून बसली आहे मी."

फोटो दोघायच्याही जवळ नाही. पण तू कन्व्हर्टरच घे. झूम लय जड असते. पळताना सलीम माह्या कितीतरी पुढं होता.