दुर्बीण कुठली घ्यायची

शर्मिष्ठा : तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव, सुशांत.

सुशांत : बिजागरी काढतोय फक्त. दार तोडत नाहीये.

शर्मिष्ठा : एकच ना ते. काउन्सेलरबाई काय म्हणाल्या? दार त्याचं त्याला उघडू दे. आपण जबरदस्तीने घुसलो तर तो अजून मिटून बसेल.

सुशांत : त्यांना बोलायला काय जातंय? त्यांचं पोर आहे का आत? काल संध्याकाळपासून एक शब्द नाही. रात्रीचं ताट तसंच, सकाळचे पोहे तसेच. दार आपल्या घरातलं, पोरगा आपला, आणि मी इथे बाहेर लादीवर बसलोय भिकाऱ्यासारखा.

शर्मिष्ठा : पहाटे उठला होता तो. बाथरूमला जाऊन आला. मी जागीच होते.

सुशांत : मग धरायचं ना त्याला! बोलायचं काहीतरी!

शर्मिष्ठा : झोपेचं सोंग घेतलं मी. मी जागी आहे असं कळलं असतं तर तो उद्यापासून तेवढाही बाहेर आला नसता. माझ्या पायाशी क्षणभर थांबला होता रे. मग आत गेला आणि कडी लावली.

सुशांत : आणि त्यानंतर?

शर्मिष्ठा : त्यानंतर काही नाही. पंखा चालू आहे. ऐक, आवाज येतोय.

सुशांत : पंखा चालू असला म्हणजे काय शर्मिष्ठा, पंख्याचीच तर...

शर्मिष्ठा : बोलू नकोस. पुढचं बोलू नकोस. हात जोडते.

सुशांत : प्रांजल! ए प्रांजल! नुसतं हूं म्हण रे. शिवी दे हवं तर.

शर्मिष्ठा : हळू. शेजारी ऐकतायत.

सुशांत : ऐकू देत! सगळ्या मुलुंडला ऐकू दे! मी काय करू, सांग ना तू. देवळात जाऊन आलो. गावाला चुलत्याला फोन करून देवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. कामावर रजा टाकली. हर्षद गेला, मला काय वाईट नाही वाटत? बी विंगमधून इथे, इथून बी विंगमध्ये, बालवाडीपासून पोरगं आपल्याच घरात वाढलं. डेंग्यूने सतरा वर्षांचा मुलगा चार दिवसांत जातो, हे मलाच अजून खरं वाटत नाही. पण म्हणून हा पण... वाट लागलीय माझ्या डोक्याची.

शर्मिष्ठा : माझ्या एकटीच्या डोक्यात काय चाललंय ते तुला माहीत नाही.

सुशांत : ती दुर्बीण घेणार होते ना दोघं मिळून? आकाशात बघायची. मी मागवतो. आत्ता मागवतो, मोबाइलवर.

शर्मिष्ठा : दुर्बीण आली म्हणून हर्षद येणार आहे का?

सुशांत : नाही येणार. पण माझ्या हाताला काहीतरी करू दे. नाहीतर मी हा स्क्रू काढतो.

शर्मिष्ठा : ...बघ मग. मागव.

सुशांत : ही बघ. पाचशे पंचवीस पट मोठं दिसतं. स्टँड फ्री, मोबाइल लावायची क्लिप फ्री. खोक्यावर शनीचा फोटो आहे, कडं पण दिसतंय. नवीन शिकणाऱ्यांसाठी बेस्ट, असं लिहिलंय.

शर्मिष्ठा : पाचशे पट म्हणजे चंद्र घरातच येईल. घेऊन टाक.

सुशांत : घेतोच. दाबू बटण?

प्रांजल : ते नको.

सुशांत : आं? काय म्हणालास? प्रांजल?

प्रांजल : खेळणं आहे ते. नका घेऊ.

शर्मिष्ठा : सुशांत, इकडे ये, कानात सांगते. रडू नकोस. विचार त्याला काहीतरी. काहीही विचार, थांबू नकोस.

सुशांत : मग... मग किती पटीची घेऊ? हजार आहे एक.

प्रांजल : पट बघायचेच नसतात, बाबा. एवढ्याशा भिंगातून पाचशे पट केलं तर नुसता धूसर डाग दिसतो. आणि तो फोटो त्या दुर्बिणीतून काढलेलाच नाहीये.

सुशांत : काय सांगतोस! फसवणूक आहे ही तर. मग बघायचं काय?

प्रांजल : तोंड.

सुशांत : कोणाचं तोंड?

प्रांजल : टेलिस्कोपचं. भिंग नाहीतर आरसा किती रुंद आहे, ते. जेवढा रुंद तेवढा उजेड आत येतो. बाकी सगळं नंतर.

शर्मिष्ठा : म्हणजे नळाला पाणी बारीक असलं की मी... नाही, ते नाही. उघड्यावर तांब्या ठेवला आणि परात ठेवली, तर परातीत पाऊस जास्त पडेल. तसं का रे?

प्रांजल : हो. तसंच.

सुशांत : ही बघ, लांबलचक आहे. लांब नळी म्हणजे लांबचं दिसणार.

प्रांजल : नाही.

सुशांत : नाही काय?

प्रांजल : लांबीने तसं काही होत नाही.

शर्मिष्ठा : मला ही लाल आवडली. छान दिसेल खिडकीत. खिडकीतूनच बघता येईल ना, काचेतून? डास पण नाही येणार.

प्रांजल : काचेतून नाही बघत, आई. गच्चीवर न्यायची असते.

सुशांत : आणि ही? हिला खाली वजनं लावलीत, व्यायामशाळेतल्यासारखी. ही मजबूत असणार. मागवू?

प्रांजल : ती पहिली म्हणून घेऊ नये. ध्रुव ताऱ्याकडे नीट लावावी लागते, रोज. नवीन माणूस त्यातच दमतो.

सुशांत : बरं. मग लालच घेऊ. आईला आवडलीय.

शर्मिष्ठा : हो, लालच.

सुशांत : प्रांजल? लाल घेऊ ना?

शर्मिष्ठा : प्रांजल?

सुशांत : मी मागवतोय हां. मागवली. झालं, मागवली मी.

प्रांजल : नाही मागवलीस. ओटीपी आला की तू आईला वाचायला सांगतोस. चष्मा नसतो तुझ्याकडे.

सुशांत : आत्ता मागवीनच की.

प्रांजल : मुद्दाम चुकीचं बोलताय तुम्ही दोघं.

सुशांत : मुद्दाम कशाला? मी एसी रिपेअरवाला, माका काय कळता त्यातला?

शर्मिष्ठा : हो. मुद्दाम बोलतोय.

सुशांत : अगं!

शर्मिष्ठा : पहिली मुद्दाम नव्हती, प्रांजल. पाचशे पटवाली. ती तुझा बाबा खरंच घेत होता. पुढच्या सगळ्या मुद्दाम.

प्रांजल : का?

शर्मिष्ठा : तू बोलत होतास म्हणून.

सुशांत : राग येऊ दे तुला. पण बोल. आमच्या अंगात काही उरलं नाही रे आता.

प्रांजल : हर्षदला डॉब पाहिजे होता.

शर्मिष्ठा : डॉब म्हणजे?

प्रांजल : जाड नळी असते, खाली आरसा. लाकडी बैठकीवर ठेवायची, हाताने फिरवायची. मोटर नाही, काही नाही. मला मोटरवाली पाहिजे होती. स्वतः तारा शोधते, कॅमेरा लावता येतो. तो म्हणाला, आधी डोळ्यांनी बघू यार, फोटो काय, नेटवर ढीगभर आहेत. मी म्हटलं, मग तू एकटाच घे तुझा पिंप. पिंप म्हणालो मी. तो हसला नाही. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मग त्याला ताप आला.

शर्मिष्ठा : हे तू सांगितलं नाहीस आम्हाला.

प्रांजल : मला वाटलं, तो नाटक करतोय. मी आधी फोन करावा म्हणून. मी नाही केला. मग अॅडमिट केलं आणि मग फोन त्याच्या आईकडे होता. आई, तो माझ्यावर रागावूनच गेला का गं?

शर्मिष्ठा : मला नाही माहीत, बाळा. खोटं कसं सांगू?

सुशांत : मी सांगतो. नाही.

प्रांजल : तुला काय माहीत?

सुशांत : भांडण कशावरून होतं? कुठली घ्यायची यावरून. म्हणजे तुझ्याबरोबर घ्यायची होती त्याला. नसती घ्यायची तर मरू दे म्हणाला असता, भांडला कशाला असता? ज्याच्याशी काही करायचं नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही.

प्रांजल : तू उगाच बरं वाटावं म्हणून बोलतोस.

सुशांत : उगाच बरं वाटण्यासारखं बोलायला मला येत असतं तर मी बिजागऱ्या कशाला काढत बसलो असतो?

प्रांजल : मला काहीच नको आहे. त्याची घेतली तर तो नाही म्हणून घेतली. माझी घेतली तर तो नाही म्हणूनच घेतली. तुम्ही जा ना. झोपा जरा.

शर्मिष्ठा : नाही जात. काय बघायचात रे तुम्ही गच्चीवर? मी कधी विचारलंच नाही. वर जाताना फक्त स्वेटर घे म्हणायचे.

प्रांजल : त्याच्या मामाचा बायनॉक्युलर होता, माझ्याकडेच असतो. गुरूचे चंद्र बघायचो. बारीक ठिपके असतात, एका रेषेत. पण हात हलतो ना, त्यामुळे ठिपकेही उड्या मारतात. मग तो माझ्या खांद्यावर कोपर टेकवायचा. की मग स्थिर.

शर्मिष्ठा : आणि तू बघताना?

प्रांजल : मी त्याच्या खांद्यावर. उंची सारखीच होती आमची.

शर्मिष्ठा : ठिपके अजून दिसत असतील ना? मुलुंडहून?

प्रांजल : दिसतात. मी परवा पहाटे गेलो होतो.

सुशांत : कुठे?

प्रांजल : गच्चीवर.

सुशांत : एकटा? कडी कोणी... सेक्रेटरीकडे चावी असते ना गच्चीची? शर्मिष्ठा, हा एकटा गच्चीवर...

शर्मिष्ठा : थांब. प्रांजल, कशाला गेला होतास?

प्रांजल : बघायला.

शर्मिष्ठा : फक्त बघायला?

प्रांजल : ...कठड्यापाशी गेलो होतो. थोडा वेळ.

सुशांत : झिला...

प्रांजल : मग आलो मागे. पाण्याच्या टाकीला टेकलो आणि बायनॉक्युलर लावला. काही दिसलं नाही. नुसतं हलत होतं. दोन्ही कोपरं छातीशी धरली तरी हलत होतं. श्वास धरून बघितला. मी खूप वेळ तिथेच होतो, आई. एक ठिपकासुद्धा धड दिसला नाही मला.

शर्मिष्ठा : बरं केलंस सांगितलंस. ऐकतोयस ना? मी रडतेय, पण बरं केलंस. आता गच्चीवर एकट्याने जायचं नाही. मी येईन. काही बोलणार नाही, बसून राहीन तिथे.

सुशांत : आणि त्या काउन्सेलरबाईंकडे उद्या सकाळीच जायचं. तिघांनी. मी पण बोलेन त्यांच्याशी. मलाही बोलायचंय कोणाशीतरी.

प्रांजल : तू बोलशील?

सुशांत : बोलेन. तुझा खांदा... म्हणजे माझ्या खांद्यावर ठेव की कोपर. चालेल ना? उंचीने जरा कमी आहे मी.

प्रांजल : बरोबर नाही होणार ते.

सुशांत : नाही होणार. ठीक आहे.

प्रांजल : डॉब हलत नाही.

सुशांत : काय?

प्रांजल : डॉब जमिनीवर बसतो. जड असतो. कोणाला धरून उभं राहावं लागत नाही. हेच सांगत होता तो मला. तो म्हणत होता, दोघांना आळीपाळीने निवांत बघता येईल, आणि मी पिंप म्हणालो.

शर्मिष्ठा : म्हणजे त्याचं बरोबर होतं.

प्रांजल : त्याचंच बरोबर होतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने तोच घ्यावा. सहा इंची. मला माहीत होतं, आई. भांडत होतो तेव्हासुद्धा माहीत होतं.

सुशांत : सहा इंची डॉब. हां, आहे इथे. अबब, नळी चार फूट आहे रे! पंधरा-सोळा किलो! ठेवायची कुठे? हॉलमध्ये आम्ही झोपतो. किचनमध्ये फ्रिज उघडायला जागा नाही.

प्रांजल : आत ठेवता येईल. उभी.

सुशांत : बसेल का? खालची बैठक पावणेदोन फूट लिहिलीय. माप घे जरा.

प्रांजल : कशाने घेऊ?

सुशांत : माझ्या बॅगेत टेप आहे.

प्रांजल : दाराखालून सरकव.

सुशांत : स्टीलची जाड टेप आहे, दाराखालून कशी जाईल? मी इथेच थांबतो. तू हात बाहेर काढ, मी देतो. आत नाही येणार. आईशप्पथ नाही येणार.

शर्मिष्ठा : आम्ही दोघं मागे सरकलो, प्रांजल. भिंतीपर्यंत.

(कडी निघाल्याचा आवाज. दार थोडं उघडतं, हात बाहेर येतो आणि टेप घेतो.)

प्रांजल : एक टोक धरावं लागेल कोणीतरी.

सुशांत : येऊ?

प्रांजल : ये. आई, तू पण ये. लाइट नको लावूस फक्त.

शर्मिष्ठा : नाही लावत.

सुशांत : कपाटापासून धर. सरळ. हां, टेबलापर्यंत... कमी पडतंय रे. चार बोटं. ही एक खुर्ची बाहेर काढू, मग झकास बसेल. तुला एक आहेच की.

शर्मिष्ठा : सुशांत. ती हर्षद बसायचा ती.

सुशांत : अरे हो. नाही, नाही, राहू दे. दुसरीकडे बघू कुठेतरी.

प्रांजल : टेबल सरकव, बाबा. खुर्ची राहू दे.