बावीस चोर, बावीस हुशार मुलं

(कलकत्ता, डिसेंबर १९४९. कॉलेजातली मानसशास्त्र विभागाची खोली. दुपार.)

उज्ज्वला : तेवढा एक शब्द काढा, शकुनताई. बाकी काही मागत नाही मी.

शकुन : कोणता शब्द?

उज्ज्वला : 'हुशार'. तुम्ही जयंतला 'असामान्य हुशार' लिहिलंय म्हणे. वकीलबाबू सांगत होते.

शकुन : मी अजून काहीच लिहिलेलं नाही. नुसती टिपणं आहेत. ती वकीलबाबूंपर्यंत कशी गेली, देव जाणे.

उज्ज्वला : मग लिहूच नका. लिहा की डोक्यानं जरा अधू आहे. चौथ्या वर्षी टायफॉइड झाला होता त्याला, एकवीस दिवस ताप. ते तर खरंच आहे.

शकुन : टायफॉइड झालेला मुलगा अकरा वर्षांनी चालत्या ट्राममध्ये ॲसिडचा बल्ब फेकत नाही, उज्ज्वलाताई.

उज्ज्वला : हळू बोला ना. बाहेर मुली उभ्या आहेत.

शकुन : तुम्ही बसा आधी. चहा सांगू?

उज्ज्वला : नको. ह्यांना न सांगता आलेय. केंद्र सरकारची नोकरी, टपाल खातं, वरून एक कागद आला की संपलं. महिना झाला, घरात जयंतचं नाव काढत नाहीत. परवा त्याची सायकल शेजारच्या मुलाला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही.

शकुन : सरकारनं मला काय काम दिलंय, ते ठाऊक आहे तुम्हाला?

उज्ज्वला : मुलं तपासायची.

शकुन : सुधारगृहात दोन तऱ्हेची मुलं आहेत. बावीस चोर. खिसेकापू, गोदीतून तांदूळ पळवणारी, बायकांची बोचकी उचलणारी. आणि बावीस ही जयंतसारखी, त्या बंदी घातलेल्या लाल बावट्याच्या पक्षाची. सगळी चौदा ते सतरा वर्षांची. सरकार विचारतंय, ह्यांच्यात फरक काय? ह्यांनाही चोरांबरोबर ठेवून सुधारता येईल, की मोठ्यांच्या तुरुंगात पाठवायचं?

उज्ज्वला : मग? आहे फरक?

शकुन : आहे.

उज्ज्वला : सांगा की. मी आई आहे त्याची.

शकुन : चोर मुलं माझ्याशी खोटं बोलतात. वय खोटं सांगतात, गाव खोटं सांगतात. बापाचं नाव पुष्कळांना ठाऊकच नाही. शाईचे डाग दाखवले, तर त्यांत त्यांना कुत्रं दिसतं, भाताचं पातेलं दिसतं, पोलीस दिसतो. तुमची बावीस मुलं खोटं बोलत नाहीत. वर्गात वरचे नंबर. घरात पुस्तकं, आई, बाप. आणि डाग दाखवला की मलाच विचारतात, 'ह्यात काय दिसायला हवंय तुम्हाला?'

उज्ज्वला : असाच आहे तो! मलाही असंच उलटं विचारतो. म्हणजे चांगली मुलं आहेत ना ही? चोरांपेक्षा चांगली?

शकुन : तसं लिहिलं की सरकार म्हणणार, ज्याचं काही बिघडलंच नाही, त्याला सुधारायचं काय? समजून उमजून केलंय. द्या धाडून मोठ्यांच्यात.

उज्ज्वला : आणि चोरांसारखाच आहे असं लिहिलं तर?

शकुन : तर सुधारगृहातच राहील. सुतारकाम शिकेल. अठरा पुरी झाली की घरी.

उज्ज्वला : मग चोर लिहा.

शकुन : अहो...

उज्ज्वला : लिहा चोर. लिहा, आईच्या डब्यातून पैसे उचलायचा. मी सही करून देते. कोर्टात उभं करा, तिथं सांगते, माझा मुलगा चोर आहे म्हणून.

शकुन : उचलायचा तो?

उज्ज्वला : एकदाच. सियालदा स्टेशनावर ते फाळणीचे निर्वासित येऊन पडले होते ना, त्यांना तांदूळ न्यायला. संध्याकाळी स्वतःच येऊन सांगितलं. आणि मी मारलं त्याला. पोळपाटावर होते, लाटणं हातात होतं, त्याच लाटण्यानं मारलं.

शकुन : उज्ज्वलाताई, फरक विचारलात म्हणून आणखी एक सांगते. ऐकायला बरं नाही वाटायचं. मी प्रत्येक मुलाला विचारलं, 'तुझ्यामुळं ज्याला लागलं, ज्याचं गेलं, त्याचं काय?' एका चोरट्यानं म्हातारीचं गाठोडं पळवलं होतं. तो रडायलाच लागला. म्हणाला, ती मागून 'बाबा रे, बाबा रे' करत पळत होती, अजून ऐकू येतं. सगळे रडले असं नाही, पण सात-आठ जणांना तरी ते माणूस आठवत होतं. ह्या दुसऱ्या बाजूला कुणाला कुणी आठवलं नाही. त्यांनी मला इतिहास सांगितला.

उज्ज्वला : जयंतनं पण?

शकुन : त्याची बुद्धीची आणि डागांची चाचणी तेवढी झालीय. हा प्रश्न विचारायचा राहिलाय. बुधवारी विचारीन. ओळखीचा मुलगा, म्हणून शेवटी ठेवला. खरं तर वर कळवायला हवं होतं मी, की आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हा नाटकात असायचा, ह्याला मी तपासू नये.

उज्ज्वला : मग का नाही कळवलंत?

शकुन : दुसरं कुणी आलं असतं.

उज्ज्वला : आणि ट्राममधला तो कंडक्टर? कसा आहे?

शकुन : रामसूरत. डावा डोळा गेला. शहराच्या टोकाला, बेहालाला भावाकडं असतो आता.

* * *

(सुधारगृह. बुधवार.)

जयंत : आज पण डाग दाखवणार, शकुनमावशी?

शकुन : नाही. आज नुसतं बोलायचं. जेवलास?

जयंत : हो. मसूरडाळ होता. केष्टोनं त्याच्यातला पण दिला मला. पॉकेटमार आहे तो. मी त्याला अक्षर शिकवतो.

शकुन : मराठी पार बिघडलं रे तुझं.

जयंत : चांगलं कधी होतं? बाबा बोलतात, हा मराठीत बंगाली बोलतो.

शकुन : पक्षात तुला पहिल्यांदा कुणी नेलं?

जयंत : एक दादा. नाव नाही सांगणार. पोलिसांना पण नाही सांगितलं.

शकुन : नाव नकोच मला. काय म्हणाला तो?

जयंत : मी सियालदाला तांदूळ घेऊन गेलो होतो. प्लॅटफॉर्मवर एक बाई बसली होती. तिचा बाळ मेलेला होता आणि ती त्याला पंख्यानं वारा घालत होती. मी तिथं उभाच राहिला. तांदूळ कोणाला द्यायचा तेच समजत नव्हतं. तेव्हा दादा आला. बोलला, 'जयंत, आम्हाला तुझी गरज आहे.' माझं नाव माहीत होतं त्याला.

शकुन : एवढंच?

जयंत : एवढंच म्हणजे? घरी असं कोणी बोलत नाही. घरी बोलतात, भूगोल झाला का?

शकुन : केष्टोच्या उस्तादानंही त्याला असंच म्हटलं होतं. 'तुझी बोटं माझ्या कामाची आहेत.' तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. सांगताना चेहरा फुलला होता त्याचा.

जयंत : केष्टो चोर आहे. माझं वेगळं आहे.

शकुन : काय वेगळं?

जयंत : तो स्वतःसाठी करतो.

शकुन : त्यानं आणलेल्यावर घरात दोन बहिणी जेवायच्या.

जयंत : मला नाही सांगितलं त्यानं ते.

शकुन : तू विचारलंस कधी? बरं, ते असू दे. जयंत, त्या दिवशी ट्राममध्ये ज्याला लागलं, त्याचं काय?

जयंत : त्या दिवशी हरताळ होता. हरताळात जो ट्राम चालवतो, तो मालकाच्या बाजूचा. जेव्हा दोन वर्ग समोरासमोर उभे असतात, तेव्हा...

शकुन : हे मी एकवीस वेळा ऐकलंय. तुझ्या आधीच्या मुलानं तुझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. त्या माणसाला नाव आहे.

जयंत : नका सांगू.

शकुन : का?

जयंत : नाव विचारायचं नाही. दादानं सांगितलं होतं. नाव समजलं की हात थांबतो.

शकुन : म्हणजे हात थांबेल, हे तुला ठाऊक होतं.

जयंत : पाणी मिळेल?

शकुन : पाणी पी. घाई नाही.

जयंत : तुम्ही काय लिहिणार माझ्याबद्दल?

शकुन : तुझी आई म्हणते, चोर लिहा.

जयंत : आई असं बोलली?

शकुन : चोर लिहिलं तर तू इथंच राहशील. नाहीतर मोठ्यांच्या तुरुंगात जाशील. तिथं मारतात, जयंत.

जयंत : चोर नका लिहू.

शकुन : विचार कर जरा.

जयंत : केला. चोर नका लिहू, मावशी. इथं माझं काहीच नाही. कपडे पण यांचे आहेत. मी चोर नाही, तेवढंच माझं आहे.

शकुन : वय काय तुझं?

जयंत : तुम्हाला माहीत आहे.

शकुन : कागदावर तुझ्या तोंडचं लिहावं लागतं.

जयंत : पंधरा. आणि चार महिने.

* * *

(जून १९५१. शकुनचं घर.)

उज्ज्वला : दीड वर्ष तुमच्या दारावरून जायचे आणि तोंड फिरवायचे. आज हा म्हणाला चल, म्हणून आले.

शकुन : या. ये जयंत. किती उंच झालास! सुटलास ते पेपरात वाचलं, राजकीय कैद्यांच्या यादीत. ह्याचे बाबा कसे आहेत?

उज्ज्वला : जबलपूरला बदली झाली. एकटेच गेलेत. जयंतला पत्र लिहितात हल्ली. इंग्रजीत. शकुनताई, तुम्ही खरं लिहिलंत ना?

शकुन : हो.

उज्ज्वला : मग खऱ्यानं काय झालं?

शकुन : चाळीस पानं लिहिली होती मी. एका वाक्यात म्हटलं होतं, ही मुलं बिघडलेली नाहीत, म्हणूनच ह्यांना मोठ्यांच्यात टाकू नका, जो जवळ घेईल त्याची ती होतील. त्यांनी पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचं उचललं आणि कोर्टात वाचलं. बावीसच्या बावीस गेले.

उज्ज्वला : स्वल्पविरामापर्यंत.

शकुन : तीनदा जाऊन आले मी त्यांच्या कचेरीत. चहा छान देतात. चौथ्यांदा गेले नाही. दमले होते, असं सांगते मी स्वतःला. त्यानंतर एकही मूल तपासलं नाही, नुसती शिकवते. आणि ह्याची बरगडी मोडल्याचं कळलं, तेव्हापासून रोज वाटतं, एक खोटा शब्द लिहिला असता तर माझं काय जाणार होतं?

जयंत : मी पळालो असतो तिथून.

उज्ज्वला : तू गप्प रे.

जयंत : खरंच. चोर म्हणून ठेवलं असतं तर राहिलो नसतो. मावशी, दादा भेटला मला. नीरेन त्याचं नाव. आता सांगू शकतो, बंदी उठली.

शकुन : काय म्हणतो?

जयंत : मिठी मारली. बोलला, तेव्हाचा मार्ग चूक होता. वरच्या लोकांनी बैठकीत ठरवलं. बल्ब, बॉम्ब, सगळं चूक. आता निवडणूक लढवायची, भिंती रंगवायला ये. मी विचारलं, चूक होती ते रामसूरतला कोणी सांगितलं? त्याला ते नावच समजलं नाही. मी सांगितलं, तो कंडक्टर, कोर्टात त्याचं नाव आणि पत्ता वाचला होता. तेव्हा तो हसला. बोलला, तू अजून लहान आहेस.

शकुन : गेलास भिंती रंगवायला?

जयंत : नाही. काल बेहालाला गेलो होतो.

उज्ज्वला : काल? काल तर शाळेत दाखला आणायला गेला होतास.

जयंत : दाखला परवाच मिळाला, आई. भावाचं पानाचं दुकान आहे, त्याच्या बाहेर तो बसला होता. मी समोर जाऊन सांगितलं, बल्ब मी फेकला होता. हिंदीत सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

शकुन : मग?

जयंत : हातातलं पान खाली ठेवलं त्यानं. मग बोलला, जवळ ये. मला वाटलं, मारणार. त्यानं मान वळवून माझा चेहरा पाहिला, असा, एका बाजूनं. बोलला, 'इतका लहान? मी दीड वर्ष एका मोठ्या माणसाला शिव्या देतोय.'

उज्ज्वला : माफ केलं त्यानं?

जयंत : नाही. बोलला, 'पाहिलं तुला. आता जा. पुन्हा येऊ नकोस.'

शकुन : बरोबर आहे त्याचं.

जयंत : हो. मी बस स्टॉपवर जाऊन बसलो. तीन बस गेल्या.

उज्ज्वला : म्हणून काल जेवला नाहीस. मी ओवा दिला तुला. मला वाटलं, पोट दुखतंय.

जयंत : तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस.

उज्ज्वला : बरोबर आले असते रे.