नांदेडला निघालेलं मिरा रोडचं पाणी

सर्वांनी हातातली कामं ठेवा, मोबाइल पालथे घाला, कारण आता मी सांगणार आहे ते आमच्या घराण्याच्या इतिहासातलं सगळ्यात गंभीर प्रकरण आहे, आणि ते लिहून घ्यायला आजवर कुणी आलं नाही ही त्या इतिहासाचीच चूक. तुम्ही आलात, बरं झालं. लिहा.

आम्ही मूळचे हिंगोलीकडचे. माझे वडील, अप्पा, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर लागले, मागोमाग आजी आली, आई आली, मग मी आणि माझी धाकटी बहीण बेबी जन्मलो. इथं मिरा रोडला, सिल्व्हर पार्कला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. घरात नळ होते हो, दोन होते, पण त्यातून हवा यायची. पाणी यायचं टँकरनं, आणि टँकर कधी येणार ते टँकरलाही माहीत नसायचं. काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे माणूस जेवताना उठायचा, बुद्धवंदना अर्ध्यावर सोडून उठायचा, हॉर्न ऐकला की उठायचाच. आंघोळ म्हणजे पाच जणांत एक बादली, आणि ते पाणी परत फरशी पुसायला.

तर नव्वदनंतरची गोष्ट, मी सातवीत. कारखाना बंद पडला, अप्पा आठ महिने घरी. मग नांदेडच्या एका कंपनीचं पत्र आलं, सोमवारी दुपारी बाराच्या आत हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला घेऊ. अप्पांनी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि झोपतानाही काढलं नाही. रविवारी सकाळी सहाला टेम्पो आला. सामान चढलं, घराला कुलूप लागलं, चावी मालकाला दिली, शेजारच्या गुजराती मावशींनी रडत रडत ठेपल्यांचा डबा दिला, आजीनं बाबासाहेबांचा फोटो मांडीवर घेतला, ड्रायव्हरनं चावी फिरवली. आणि टँकर आला.

पुढं काय झालं ते मलाही नीट कळलेलं नाही. एवढं आठवतं की हॉर्न वाजला आणि आम्ही सगळे टेम्पोतून खाली. दोन रिकामे ड्रम उतरवले, हंडे उतरवले, पोत्यात शिवलेला कुकर आईनं सुरीनं फाडून काढला. आजी रांगेत भांडत होती, माझा नंबर आधी, मी सहापासून उभी आहे, आणि ती खरंच सहापासून उभी होती, फक्त दुसऱ्या कामाला. तीन तास गेले. अप्पा दोन हंडे घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले आणि बराच वेळ खालीच येईनात. मी बघायला गेले तर कुलपासमोर उभे, दोन्ही हातांत हंडे. मला म्हणाले, अगं, आपण इथं राहत नाही.

आता ओतणार कुठं? शेजाऱ्यांचं सगळं भरलेलं. आणि मिरा रोडला, अख्ख्या रांगेसमोर, गटारात पाणी ओतणारा माणूस अजून जन्मायचा होता. आजी म्हणाली, सांडायचं न्हाई, चढवा. ड्रायव्हर म्हणाला, माजी, नांदेड में पानी है. आजी म्हणाली, असंल, हे आमचं हाय.

घोडबंदर रोडला ड्रम हिंदकळून गाद्या भिजल्या. ठाण्याच्या पुढं एका जकात नाक्यावरच्या माणसानं गाडी थांबवून ड्रममध्ये बोट बुडवलं, वास घेतला, चाटलं, म्हणाला, पाणीच आहे की. कुठं नेताय? नांदेडला. तिकडं पाणी नाही? अप्पा म्हणाले, आहे. मग? अप्पांनी आईकडे बघितलं, आईनं आजीकडे, आजीनं बाबासाहेबांच्या फोटोकडे. त्या माणसानं हात जोडले आणि जा म्हणाला. अप्पा सारखे घड्याळ बघायचे, चला, चला, नोकरी जातेय माझी.

दुपारी तीनला कसारा घाटाच्या पायथ्याशी ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. म्हणाला, चढणीवर ये ड्रम पीछे सरकेंगे, बच्चियाँ दब जायेंगी, पानी फेको नहीं तो मैं चला वापस. अप्पांनी ड्रमला हात लावला. हात हलेना. आईनं लावला, तिचाही हलेना. अप्पा ओरडले, माय, बाराच्या आत पोहोचलो न्हाई तर खाणार काय आपण?  आजीनं फोटो ड्रायव्हरच्या सीटवर नीट टेकवला, पदर खोचला, तांब्या घेतला आणि माझ्या डोक्यावर ओतला. फेकायचं न्हाई म्हणाली, न्हायचं. आज पोटभर न्हा रे.

अहो, भर रस्त्यात, कपड्यांसकट! आम्ही दोघी बहिणी नाचत होतो, आई लाजत लाजत आली आणि मग बाजूलाच होईना, ड्रायव्हर पण डोकं पुढं करून उभा, ट्रकवाले हॉर्न मारत जात होते. अप्पा तेवढे लांब उभे, अर्धा तास गेला, अर्धा तास गेला, करत. आजीनं त्यांनाही शर्ट काढायला लावून बखोटीला धरून ओढलं.

पोहोचलो आम्ही. सोमवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना अप्पा कंपनीच्या गेटात शिरले आणि तिथूनच रिटायर झाले. आता आहेत नांदेडलाच, तब्येत चांगली आहे. आजी गेली. मी लग्न होऊन परत इकडंच, मिरा रोडला आले, पूनम सागरला, आता नळाला पाणी येतं, दोनदा येतं, सगळ्यांना येवो बाबा, आणखी काय मागायचं.

पण माझ्या डोळ्यांसमोर अजून अप्पा तसेच दिसतात, घाटाखाली, उघडेबंब, ओलेचिंब, एका हातात ते पत्र भिजू नये म्हणून आभाळाकडे धरलेलं. ड्रम संपत आला होता. आई, ड्रायव्हर, आम्ही सगळे घाईनं गाडीत चढत होतो, कारण आता खरंच उशीर झाला होता, आणि दिवसभर चला चला करणारे अप्पाच जागचे हलेनात. सगळ्या घाटाला ऐकू जाईल असे ओरडले, माय, पाठ राहिली!