स्मरणार्थ चेलो

मंडळी, कीर्तनाला बसलात, ऐका. दान हे त्रिभुवनातलं सर्वश्रेष्ठ कर्म! दान दिलं की स्वर्गाचं दार उघडतं, देव स्वतः उठून उभे राहतात — फक्त दानावर नाव ठळक हवं. देवांचंही वय झालंय, बारीक अक्षर दिसत नाही त्यांना.

तर प्रश्न असा: दान करायचं कुणासाठी? घेणाऱ्यासाठी, की वाचणाऱ्यासाठी? बरं, कथा ऐका.

एका विद्यापीठाच्या वाद्यवृंदात निलांबरी खराडे चेलो वाजवायची. चेलो म्हणजे — व्हायोलिनचा थोरला काका समजा. खांद्यावर मावत नाही, म्हणून जमिनीवर टेकवून, पुढ्यात धरून वाजवायचा. तिचे वडील कराडकडे लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतात. वार्षिक कार्यक्रमात तिला पहिल्यांदाच चार मिनिटं एकटीनं वाजवायला मिळणार होती. वर्षभर त्याच चार मिनिटांची तयारी. पण फी थकलेली. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर कार्यक्रम उरकून पोरगी गावी परत.

तिचे परेरा सर निधी गोळा करायला निघाले. गाठलं भाऊसाहेब गुळव्यांना. मोठा दाता! शहरातली बाकं, घड्याळं, पाणपोया — जिथं बघाल तिथं त्यांच्या आईचं नाव.

"या मुलीला द्या," सर म्हणाले.

भाऊसाहेब विचारात पडले. "द्यायला हरकत नाही हो सर. पण मुलीवर नाव कुठं घालायचं?"

पेटीवाले, हसू नका. अडचण खरी आहे.

सरांनी एका पोरीसाठी अक्कल गहाण टाकली. म्हणाले, "चेलोवर घालू."

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. पुढच्या अख्ख्या बाजूवर लाल ऑइलपेंट: 'कै. गं. भा. सरस्वतीबाई गुळवे यांच्या स्मरणार्थ.' खाली कमळ. कमळ त्यानं फुकट काढलं.

कार्यक्रमात निलांबरीची पाळी आली. तिनं गज तारांवर टेकवला, पहिला सूर निघाला — एवढा रंग फासूनही गोड — आणि पहिल्या रांगेतून भाऊसाहेब उठले.

"बाळ, हात जरा बाजूला घे. आईचं नाव झाकलं जातंय."

"हात काढला तर वाजणार कसं, काका?"

"वाजवायचं नंतर बघू गं. फोटो तर होऊ दे."

तिनं सरांकडे पाहिलं. सर बुटांकडे बघत होते. तिनं हात खाली घेतला. फोटो झाले. मग पाहुण्यांबरोबर झाले, पाहुण्यांच्या जावयाबरोबर झाले. चार मिनिटं संपली. टाळ्यांच्या कडकडाटात शिष्यवृत्ती जाहीर झाली, तीन वर्षांची. अट एकच — दर कार्यक्रमात चेलो असाच धरायचा, नाव वाचता येईल असा.

नंतर वडिलांचा फोन. "काय वाजवलंस?"

"काही नाही, आबा. धरून बसले होते."

"आणि पैसे?"

"पूर्ण मिळाले."

आबा म्हणाले, "नशीब काढलंस. आमच्या बँडात नुसता ड्रेस घालून उभं राहणाऱ्याला निम्मेच देतात."

निलांबरी हसली नाही. तिच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर ती चार मिनिटं वाजवत होती.

तुम्ही मात्र हसताय. काय तरी बाई तो भाऊसाहेब, होय ना? आता जरा मान वर करा. हा पंखा. तीन पाती, त्यांवर दात्यांच्या नावाच्या तीन ओळी, अक्षर न् अक्षर लागतंय. लागणारच — सहा वर्षांत तो फिरलेला नाही. फिरला की नाव वाचता येत नाही, असं दात्यांचं म्हणणं. ते समोरच बसलेत. मी त्यांच्याकडे बघत नाही.

कथा ऐकून तुम्ही सुधाराल, असं काही माझं मागणं नाही. फार उकडतंय. कुणीतरी ते बटण तेवढं दाबा.