सुनंदाच्या मापाचा पंख

अरे, नव्वदच्या दशकात मला इंजिन लावून उडायचा पॅराग्लायडर घ्यायचा होता. मला अडवायला म्हणून बायको, सुनंदा, सोबत आली. उल्हासनगरचा एक सिंधी व्यापारी वापरलेला पंख, म्हणजे डोक्यावर फुगणारं ते कापड, आणि इंजिन घेऊन आमच्या मांजर्लीच्या मैदानावर आला. पंख माझ्या वजनाला लहान निघाला.

"भाभीजी को बराबर बैठेगा," तो हसला.

सुनंदाने ओढणी कमरेला खोचली, गमतीत पट्टे बांधले आणि वाऱ्यासमोर धावली. पंख डोक्यावर उभा राहिला. तिचे पाय क्षणभर जमिनीवरून सुटले.

खाली येताच म्हणाली, "आता इंजिन चढवा."

ते पाठीवर घेऊन ती कशीबशी उभी राहिली. पळणं सोडा, पाऊलही उचलवेना.

"जड आहे गं, काढ," मी म्हणालो.

वर बघत ती म्हणाली, "थांबा हो. राहू दे जरा."