बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

मी सिद्धगडाच्या पायथ्याची. माहेर तिथंच, सासर बी तिथंच, एक ओढा मधी, म्हनून माझी आई म्हनायची तुला दिली का शेजारी ठेवली तेच कळत नाय. मला समदे जनाआजी म्हनतात. शाळा नाय, पन थंडीचं काय इचाराल ते सांगीन. आमच्याकडं डोंगरावरनं पहाटे असा गार वारा उतरतो, काय सांगू तुमाला, हंड्यातल्या पान्यात हात घालवत नाय.

तर दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं, का आमची थंडीची तयारी सुरू. आमचं घर कुडाचं. कुड म्हंजे कारवीच्या काठ्या बांधून केलेली भिंत, तिला माती, शेन न भाताचं तूस कालवून लिपायचं. म्हातारा, म्हंजे आमचा मालक वो, तो लिपायचा न मी कालवून द्यायची. पन छपराखाली हातभर पट्टा तो कोराच सोडायचा, चारी बाजूंनी. नवी सून होते तवा मी म्हनले, एवढं लिपलं न वरनं वारं येतंयच की, आळस केला व्हय? तो म्हनला, गप गो, चुलीला नाक नको? मी हसले. मानसाला हसायला काय लागतं?

मंग पोरगा मोठा झाला, काशिनाथ, आटगावला कारखान्यात लागला, न त्यानं कुडाच्या घराला लागून एक स्लॅबची खोली बांधली. विटांची, आतून गुळगुळीत. आख्खी वाडी बगायला आली. त्याच सालात सुनेचे, सुगंधाचे, दिवस भरले न ऐन पौषात पोर झाली. एवढीशी, माझ्या दोन हातात मावंल एवढी. बाळंतिनीला शेक पायजे, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची ही आमची रीतच, माझ्या चारी बाळंतपनात ठेवलीय. काशिनाथ म्हनला, माझ्या पोरीला थंडी लागता कामा नये. त्यानं खिडकीला पावसाळ्यातलं प्लास्टिक ठोकलं, त्यावर गोनपाट, दाराच्या फटीत फडकी कोंबली. खोली अशी ऊब धरून ऱ्हायली, मी म्हनले बरं केलंस रे.

मंग एक दिवस सकाळी, काशिनाथ कामावर गेलेला, उन्हं येत होती, डोंगरावर धुकं. मी शेळ्यांना पाला टाकला, पेज उकळली न हाक मारली, सुगंधा, उठ गो. आवाज नाय. परत मारली. नाय. दार ढकलते तर फडक्यांनी अडकलेलं, खांदा लावून उघडलं. धूर नाय, वास नाय, काय नाय. दोघी गाढ झोपलेल्या, सुगंधाचे गाल लालभडक, मला वाटलं किती छान दिसतेय. न तेवढ्यात माझंच डोकं गरगरलं. मी वरडले, आवो या. म्हातारा दारातनं नुसता बगून म्हनला, भायेर काढ, आधी भायेर. त्यानं सुगंधाला उचललं, मी पोरीला.

अंगनात पेंढ्यावर टाकलं दोघींना. पेंढा दवानं भिजलेला, वारा असा का दात वाजावेत. मी गोधडी घेऊन धावले पोरीला गुंडाळायला, तवा त्यानं माझा हात धरला. अंग झाक, तोंड झाकू नको, वारं लागू दे. मी बगतेय, पोरीची छाती हलंना. देवाचं नाव बी सुचंना. न मंग, खरं सांगते, सिद्धगडाकडनं वाऱ्याची एक झुळूक आली, पोरीच्या तोंडावरनं गेली, न पोर शिंकली. एवढीशी शिंक. न मंग जी रडली म्हनता, पल्याडची वाडी भायेर आली. ज्या थंडीला भिऊन आमी फटी बुजवल्या, तिनंच पोर उठवली. मी तिथंच डोंगराला हात जोडले.

सुगंधाला वेळ लागला, उलटी झाली, डोळे उघडले न पयलं बोलली, पोर? जीप करून मुरबाडला दवाखान्यात नेलं, नळीनं हवा दिली. डॉक्टरीनबाईनं समजावलं, आजी, कोंडलेल्या खोलीत कोळशातनं गॅस निघतो, दिसत नाय, वास येत नाय, झोपेतच मानूस जातो. बंद खोलीत शेगडी परत ठेवू नका. आयुष्यभर निखाऱ्यापाशी बसले न त्याची ही बाजू मला ठाव नव्हती. कुडाच्या त्या कोऱ्या पट्ट्यानं, चुलीच्या नाकानं, आमाला किती वरसं जगवलं, तेच कळलं नव्हतं.

काशिनाथ रडत रडत छिन्नी हातोडा घेऊन बसला न नव्याकोऱ्या भिंतीला स्लॅबखाली भोकं पाडली. खिडकीचं प्लास्टिक काढून उकिरड्यावर टाकलं. आता वाडीत समद्यांच्या खोल्या स्लॅबच्या. कुनाकडं बाळंतीन आली का मी न बोलावता जाते, आधी खिडकी उघडायला लावते, शेगडी अंगनात. शेक पायजे तर दगड तापवा, जाड फडक्यात गुंडाळा, हाताला सोसवतो का बगा, मंग पायाशी ठेवा. सुना मागं हसतात, म्हातारी आली खिडकीवाली. हसू दे.

म्हातारा गेला. पोर आता शाळेत जाते, थंडीत माझ्याच गोधडीत येते. पहाटे मला जाग येते, न रोज तिच्या नाकाखाली बोट धरते. उनउन श्वास लागतो बोटाला. ती झोपेतच म्हनते, आजी, मी हाये गो. ऱ्हा बाय, ऱ्हा.