दोन पावलांचा नियम

नाव ओळखपत्राप्रमाणे. वय २२ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा गोदामात माल चढवणे-उतरवणे, राहणार गोदामामागची कामगारांची खोली, वरची खाट.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मयत माझा मावसभाऊ. त्यानेच मला इथे कामाला आणले. त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण खोलीत आम्ही लढाईचा जो खेळ खेळतो त्याचे नियम तो वहीत लिहायचा. कागदावर किल्ला, बाटल्यांची झाकणे म्हणजे लढवय्ये, आणि वार, पकड, धक्का सगळे फाशांवर.

रविवारी माझ्या गड्याने कड्यावरच्या राक्षसाला धक्का दिला. वहीप्रमाणे धक्का बसला की दोन पावले मागे. राक्षस कड्याच्या अलीकडेच राहिला आणि त्याने माझा गडी मारला. मी म्हणालो, "तुझा नियम खोटा आहे. मी रोज पोती ढकलतो, मला शिकवू नकोस." दोन दिवस बोललो नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तोच आला. म्हणाला, "रुसूबाई, चल, करूनच बघू. जास्त निघालं तर खोडून लिहीन." माल उतरवायच्या ओट्यावर त्याने खडूने रेघ मारली. बाकी जागेत पोती होती, म्हणून कडेकडे पाठ करून उभा राहिला. मागे तीन पावले जागा. म्हणाला, "वहीत दोन, एक जास्तीचं धरलंय."

पहिल्यांदा मी हळू ढकलले. तो हसला. "उशी झटकतोस काय? जेवलायस ना?" दुसऱ्यांदा मी सगळा जोर लावला.

पोती घेऊन आलेला गाडीवाला मारामारी झाली म्हणतो. ढकलताना त्याने पाहिले ते खरे. भांडण रविवारचे होते, ते मिटले होते.

तो ओट्यावरून पडला तशी मी खाली उडी मारली. तो शुद्धीवर होता. डोक्याखाली लोखंडी पट्टी होती. त्याने विचारले, "किती?" मी म्हणालो, "दोन. तुझंच बरोबर." त्यानंतर तो बोलला नाही. रुग्णवाहिका एक चाळीसला आली.

ते दोन मी त्याला खोटे सांगितले. तीन पावले ओट्यावर पडली. चौथ्याला खाली काही नव्हते.

जप्त केलेली वही मावशीला द्यावी. त्यातली दोन पावले कोणी खोडू नयेत. या जबाबात मात्र चार लिहावे.

वरील मजकूर साहेबांनी मला वाचून दाखवला. पावलांची ओळ मी पुन्हा वाचायला लावली. सांगितले तसेच लिहिले आहे.